भांगाच्या दिवसाचे फोटो

११ मे

पोचले एकदाची! बोटीत तीन तास. सगळे पिशव्यांत तोंड घालून बसलेले, मी मस्त उभी. मच्छीमाराच्या घरातली पोर, मला बोट लागली असती तर लाजच गेली असती.

बेट म्हणजे — काय लिहू? पाणी इतकं नितळ की तळाची वाळू दिसते. नारळ पाण्यावर झुकलेले, कोणीतरी मुद्दाम वाकवल्यासारखे. बोईसरला सरावलीतल्या माझ्या खोलीतून समोरच्यांची गच्ची आणि कंपन्यांची धुराडी दिसतात. इथे खिडकी उघडली की नुसतं पाणी.

उतरल्या उतरल्या शिंपला उचलायला वाकले तर शिट्टी! वनखात्याचा गार्ड. "मॅडम, सेंच्युरी है. कुछ भी उठाना मना है." सागरी अभयारण्य, म्हणजे शिंपलासुद्धा सरकारचा. आमच्या किनाऱ्यावर शिंपल्यांनी पाय कापतात, कोणी विचारत नाही!

आठ दिवसांचं काम. बोईसरला स्टुडिओत बसून पासपोर्ट साइज काढायचे, शेजारच्या पाम गावात कोणाची हळद शूट करायची, आणि आता एकदम रिसॉर्ट. भाग्येश सर — कंपनीचे जाहिरातीचे साहेब — म्हणाले, "फेब्रुवारीतलं तुमचं काम बघूनच बोलावलं." छाती फुगली. उगाच कशाला खोटं लिहू?

१२ मे

पहाटेपासून पाण्यात. प्रवाळावर पिवळे, निळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे. शेजारची दिल्लीची बाई "सो क्यूट" करत होती आणि माझ्या मनात चाललेलं, हा काट्याचा दिसतो, हा तळायला बरा! सवयीला काय करणार.

किनाऱ्यावर एक जण फावडीने वाळू सारखी करत होता. चाळिशीचा असेल. माझं फोनवरचं बडबडणं ऐकून जवळ आला. "ताई, तुमी बोयसरच्या का? मी सफाळ्याचा हाय. आतल्या पाड्यावरचा." जिवल्या नाव. भात कापून झालं की घर सोडतो, ह्या वर्षी ठेकेदाराने इतक्या लांब आणून टाकला. त्याचं काम काय, तर रोज पहाटे किनाऱ्यावरची पावलं पुसायची.

"कशाला?"

"पाहुन्यांना वाटला पायजे, आपनच पयले आलो."

हसून हसून पोट दुखलं.

१३ मे

दिवसभर पाण्यावरच्या खोल्या. उशा, टॉवेल, टॉवेलांचे हंस. वैताग.

१४ मे

जिवल्याने बेटाच्या मागच्या टोकाला नेलं. झाडीत एक विहीर. दगडांनी बांधलेली, आत पाणी. त्याने पिऊन दाखवलं. "गोडा हाय. ताई, विहीर कोन उगीच खनत नाय." बाजूला चुलीचे दगड, एक मोडका पाटा. पूर्वी इथे वस्ती होती म्हणे, मासे मारणाऱ्यांची. कधी गेली, कुठे गेली, त्याला ठाऊक नाही. मी पंधरा-वीस फोटो काढले. उजेड सुंदर होता.

संध्याकाळी भाग्येश सरांना दाखवले. त्यांनी चष्मा वर केला. "हे डिलीट करा तेजल. आपल्या बेटावर आधी कोणी नव्हतं."

मी "हो सर" म्हणाले. डिलीट मात्र केले नाहीत.

१५ मे

लिहायचं मन नाही. तरी लिहिते.

सर खुशीत होते. ऑफिसात बोलावून कंपनीचा पुढचा प्रकल्प पडद्यावर दाखवला. पहिलाच फोटो आमच्या गावचा! तारापूरच्या बाजूचा आमचा किनारा, मी काढलेला, फेब्रुवारीतला. खाली मोठ्या अक्षरांत — 'वापरात नसलेला किनारा. वस्ती नाही, मासेमारी नाही.' तिथे रिसॉर्ट येणार. जनसुनावणी २० तारखेला पालघरला.

मी म्हणाले, "सर, तिथे गाव आहे. माझं."

"माहीत आहे. म्हणून तर काम तुम्हाला दिलं. फोटोत दिसतंय का कोणी?"

नाही दिसत. कसं दिसेल? मीच तशी सोय केली! सरांनी तेव्हा सांगितलेलं, "एकदम रिकामा किनारा हवा, कॅलेंडरचं काम आहे." आणि मी शहाणी तिथी बघून अष्टमीला गेले. भांगाचे दिवस. भांगाला भरती-ओहोटी मंद, पाण्याला ओढ नसते, आमची जाळी ओढीवर चालतात, म्हणून होड्या निघत नाहीत. बायका सुकी मासळी घेऊन बाजाराला जातात. किनाऱ्यावर चिटपाखरू नसतं. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, आणि बाहेरच्या कोणाला सात जन्मांत कळणार नाही. मी सांगितलं त्यांना. मी!

आणि वलांड्या — बोंबील सुकवायचे बांबू नि दोऱ्या — फ्रेममध्ये येत होत्या. त्या कॉम्प्युटरवर पुसल्या. त्यातली एक आईची.

मला स्वतःची किळस येतेय.

१६ मे

सरांना म्हणाले, मला आज निघायचंय. त्यांनी दार उघडून समुद्र दाखवला. वारा सुटलाय, बंदरावर लाल बावटा, बोट बंद. कधी सुटेल? "तीन दिवस, चार दिवस. घाई काय आहे? लोक पैसे मोजून इथे अडकायला येतात!" स्वतःच्या विनोदावर हसले.

बेटाला फेरी मारायला पंचवीस मिनिटं लागतात. आज सात वेळा मारली.

१७ मे

नेटवर्क नाही. जेवण गेलं नाही. सोसाट्याचा वारा.

१८ मे

रिसेप्शनवरच्या फोनवरून आईला कॉल लागला. पहिलं वाक्य, "जेवलीस काय?" मी जेवले म्हणाले. मग एका दमात सगळं सांगून टाकलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अष्टमीला गेलेलीस?"

"हो."

"मुद्दाम?"

"हो."

"माजी वलांडी पन तूच काढलीस?"

"फोटोतून, आई. खरी नाही गं —"

"कललं मला."

ओरडली असती तर बरं झालं असतं. लहानपणी जाळं फाडलं तेव्हा गावभर पळवून मारलेलं तिने. आज आवाज चढलाच नाही. एवढंच विचारलं, "बोट कवा हाय?" बंद आहे म्हटलं. "मंग बस तिकडंच." आणि ठेवला.

रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, एव्हरीथिंग ओके मॅम? हो म्हणाले. आणखी काय म्हणणार?

१९ मे

लॅपटॉपमध्ये मूळ फोटो आहेत. न पुसलेले, तारखेसकट, वलांड्या दिसतात. शिवाय गेल्या वर्षी दत्ताच्या पुनवेला सहज काढलेले — होड्या लागतायत, बायका पाट्या भरतायत, कुत्री, पोरं, आरडाओरडा. किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नाही.

करारात लिहिलंय, फोटो कंपनीचे, दुसऱ्याला दिले तर कोर्टात खेचू. पुनवेचे माझेच आहेत, पण फेब्रुवारीतले त्यांचे. सही माझी आहे. स्टुडिओ जाईल, नाव जाईल. सकाळपासून दुपारपर्यंत भित्र्यासारखी पडून राहिले. मग उठले.

सरांच्या ऑफिसातल्या नेटवरून एक फोटो जायला वीस मिनिटं! सर पाहुण्यांबरोबर जेवत होते तेवढ्यात तीन गेले, चौथा अर्ध्यात अडकला, पुन्हा टाकला, गेला. भावाचं, निमेशचं उत्तर आलं, "मिलाले." मी लिहिलं, माझं नाव घेऊ नको. हे का लिहिलं? कारण मला अजून गावात तोंड दाखवायचंय. आईच्या ओट्यावर बसून चहा प्यायचाय. दुसरं काही नको मला. खरंच नको.

२० मे

अकराला सुनावणी सुरू झाली असेल. आज ऑफिसातलंही नेटवर्क गेलं ते गेलंच.

किनाऱ्यावर येरझाऱ्या घालत होते. मागून खरखर आवाज. बघते तर जिवल्या, माझी पावलं पुसत येतोय! मी त्याच्यावर अशी खेकसले की गार्ड धावत आला. बिचारा फावडी धरून उभा. "ताई, पगार त्याचाच हाय."

माफी मागितली. मग दोघं वाळूत बसलो. त्याने विचारलं, घरी कोनी आजारी हाय का? मी नाही म्हणाले. त्याने पुढे विचारलं नाही. त्याला पण पावसाआधी घरी जायचंय, ठेकेदार सोडत नाही. भाताच्या रोपासाठी जमीन भाजायची, तो राब राहिलाय म्हणाला. बायको सोमी एकटी करतेय.

२१ मे

निमेशचा आवाजी मेसेज. तीनदा ऐकला. आहे तसा उतरवते.

"ताय, तुजे फोटो दाखवले. कंपनीचा मानूस उठला नि बोलला, रिकाम्या किनाऱ्याचे फोटो पन ह्यांच्याच गावच्या पोरीने काढलेत, गावची पोर खोटं बोलल काय? तुजं नाव घेतलं. सुनावनी घेनाऱ्या मोठ्या सायबांनी इचारलं, कोनाची मुलगी? अख्खा हॉल आयकडं बघाय लागला. आय उठली. बोलली, आमच्या गावची पोर भांग बघून फोटो काढल काय? ती आमची नाय. लिवा सायेब. सायबांनी लिवलं. मंग भांग म्हंजे काय ते आयने उभ्या उभ्या समजावलं. आता सायेब उधानाला, होड्या निगतात तवा, सोता येऊन बघनार, तवर सगलं बंद. लोकांनी टाल्या वाजवल्या. मी पन."

आम्ही जिंकलो, असं लिहिलं होतं वर. खोडलं. गाव जिंकलं.

बावटा उतरलाय. उद्या सातला बोट सुटणार आहे.