मासा कुठल्या पाण्यातला

४ जून
आज कारखान्यात टूना चिरताना नेस्टाला माशाच्या घशात गळ सापडला. शिंपल्याचा, हातानं घासलेला. तशीच ओल्या हातानं माझ्या टेबलाशी आली. "बघ गं, हा तुझ्या हिएलेचा ना?"

माझ्या भावाचाच. टोकाशी तीन खाचा — आमच्या नोरो बंदरात असा गळ दुसरं कोणी करत नाही. पण बांधलाय केसांनी. पिवळट केस, त्याच्या डोक्याचे. दोरा संपला असणार. होडी घेऊन गेला त्याला चौदा महिने झाले, आणि हे केस अजून मऊ आहेत! जिवंत आहे तो. कुठेतरी आहे.

५ जून
आईला सांगितलं नाही.

६ जून
मासा आणणारं जहाज परदेशी. कप्तानाला गाठलं. कुठे धरला? ती जागा कळली तर शोधायला होडी पाठवता येईल.

हसला. "बाई, कागदावर काय लिहिणार आहात?"

मासा कुठल्या पाण्यातला याचा दाखला, तो कागद मीच लिहिते. दर खेपेला एकच — मासा आपल्या, सॉलोमन बेटांच्या पाण्यातला.

"मग तिथलाच."

आपला देश गरिबांच्या यादीत, म्हणून आपला मासा युरोपात बिनजकातीचा जातो. परक्या पाण्यातला, परक्या जहाजानं धरलेला असेल तर शंभराला चोवीस जकात. आणि इतके दिवस खोटं लिहिलं हे उघडं पडलं, तर सवलतच जाईल. मग कारखाना कसला आणि नोरो कसलं.

७ जून
नेस्टा आधी म्हणाली, "सरळ पोलिसांत जा." मग बराच वेळ सुरी धूत बसली. "माझी तीन पोरं या मासळीवर शिकतात गं. गळ मला सापडलाच नाही असं समज."

"तुझा भाऊ असता तर?"

तिनं पुढचा मासा फळीवर ओढला. तिचा राग आला. माझाही.

९ जून
सकाळी कसावा सोलता सोलता आई म्हणाली, "हिएलेनं केस का कापले गं?"

मी तिला अवाक्षर बोललेले नाही. नेस्टाही नाही, शपथ घेते.

१० जून
सही केली. सॉलोमनच्या पाण्यातला.

२ जुलै
तेच जहाज परत आलं. कप्तान धक्क्यावर सुपारी चघळत उभा. "बाई, 'निनी' म्हणजे काय हो तुमच्या भाषेत? तिकडे एका बेटावर एक माणूस दोन्ही खेपांना तेच ओरडत होता."

थांबला का नाहीत, विचारलं.

"थांबलो असतो तर कुठे होतो ते लिहावं लागलं असतं."

मला निनी म्हणणारा एकच आहे.