'आई-वडील हयात आहेत का?'

ब्रिटा,

रस्त्यावरचा बर्फ काढायला मला आज लवकर बोलावलंय. सूप शेगडीवर आहे, गरम करून घे.

परवा कॉलेजच्या फीसाठीच्या मदतीचा फॉर्म भरताना 'आई-वडील हयात आहेत का' या प्रश्नापाशी तू अडलीस, माझ्याकडे पाहिलंस आणि 'झोप येतेय' म्हणून उठलीस. मला कळलं गं. काल मी कॉलेजच्या ऑफिसात फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, "सावत्र वडिलांनी दत्तक घेतलं नसेल तर त्यांना पालक धरत नाहीत. मग मुलीला मदत जास्त मिळते."

तेव्हा खरं तेच लिही. तुझे बाबा तू लहान असतानाच गेले, आणि आता आईही नाही. 'नाही' लिहिताना माझा विचार करू नकोस. मला थोडं लागलं, खोटं कशाला बोलू. पण तुझं कॉलेज हुकलं तर जास्त लागेल.

फोन ठेवण्याआधी मी बाईंना आणखी एक विचारलं. ऑगस्टमध्ये मुलांना हॉस्टेलवर सोडायला येणाऱ्या पालकांनी गाडी कुठे लावायची? त्या म्हणाल्या, "मागच्या दाराशी. सामान उतरवायला बरं पडतं."

तर आपण मागच्या दाराशी लावू.

वेंडेल