फॅन साफ केल्यावर

मंगळवार संध्याकाळ, अड्यार, चेन्नई

आईशी व्हिडिओ कॉल चालू असताना कॉम्प्युटर आज पुन्हा हँग झाला. ड्रायव्हर बदलले, मेमरी तपासली, काही फरक नाही. ऑफिसातला सेंथिल फोनवर हसला. "आधी फॅन बघ, मच्चान." मच्चान म्हणजे त्याच्या तमिळमध्ये यार. उघडून पाहिलं. फॅन धुळीने जाम झालेला.

ब्रशने साफ करत होतो, तेवढ्यात आईचा मोबाइलवर फोन आला. "शेजारच्या वामनकाकांशी लग्न करतेय म्हटलं, तर तू नुसता हसत राहिलास. मला वाटलेलं, चिडशील. सुटले रे बाबा."

मी ते ऐकलंच नव्हतं. हसलो होतो तिच्या करपलेल्या पोळीला, आणि कॉम्प्युटर हँग झाल्यावर तिच्या पडद्यावर ते हसू तसंच थांबलं. ऐकलं असतं तर हसलो असतो? गेलेले बाबा आठवले असते. चेहरा पडला असता. मग ते हसू तसंच राहू द्यावं का? तिला हवं ते तर मिळालंय. पण ते एका बंद पडलेल्या यंत्राने दिलेलं.

सांगून टाकलं. आई म्हणाली, "आता ऐकलंस ना? लाव कॅमेरा. बघू दे तुझं तोंड."

कॉम्प्युटर सुरू केला. नीट चालतोय. कॅमेरा लगेच लावला नाही. आधी बाबांना आठवून घेतलं, चेहरा पडायचा तो पडू दिला, मग लावला.