गाद्या कोण भरायचं

अम्मी, आमच्या शाळेनं डिसेंबरचा महिना शहराला दिलाय. म्हणजे चार शनिवार मुलांना घेऊन अमरावतीच्या जुन्या भागात हिंडायचं, म्हाताऱ्या माणसांशी बोलायचं, लिहून काढायचं आणि शेवटी पालकांना बोलावून सगळं मांडायचं. त्यासाठी एक विषय हवा. तो ठरवायचं काम मोठ्या मॅडमनी माझ्या गळ्यात घातलं, कारण मराठी शिकवणाऱ्यांकडे वेळच वेळ असतो अशी आमच्या स्टाफरूमची पक्की समजूत आहे. आठ दिवस मी कोरा कागद पर्समध्ये घेऊन फिरले. इतिहासाचे सर म्हणाले, "परकोट घ्या मॅडम. भिंत आहे, वेशी आहेत, फोटो चांगले येतात, आणि भिंत कोणाला उलटून बोलत नाही." मलाही परकोट बरा वाटला होता. कोणाच्या घरात शिरायला नको, कोणाला काही विचारायला नको.

म्हणून रविवारी सकाळी एकटीच परकोट बघायला गेले. वेशीच्या आतल्या बाजूला एक गादीचं दुकान आहे, आता तिथे बहुतेक फोमच विकतात, पण मागच्या खोलीत पिंजायचं मशीन अजून चालतं. ते सुरू झालं आणि जुन्या रुईचा वास आला. धुळीचा, थोडा तेलकट, थोडा माणसांचा. मी भिंतीकडे पाठ करून त्या दुकानासमोर किती वेळ उभी राहिले कोण जाणे. दुकानदारानं शेवटी विचारलं, "काय पायजे ताई, सिंगल का डबल?" मला काय पाहिजे होतं ते त्याच्या दुकानात नव्हतं. मला तू पाहिजे होतीस.

तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि तुझ्या धंद्याविषयी मी इथे कोणाला सांगितलेलं नाही. कोणी विचारलं की म्हणते, अकोल्याला आमचा कापसाचा धंदा होता. वऱ्हाडात एवढं म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, बाई जिनिंगवाल्याची मुलगी दिसते. मी त्यांना तसं वाटू देते. खरं म्हणजे अब्बा गेल्यावर तू त्यांची ती रुई पिंजायची माणसाएवढी कमान खांद्यावर घेतलीस, दाभण आणि दोऱ्याची गुंडी पिशवीत टाकलीस आणि जुन्या शहरात घरोघर गाद्या भरायला निघालीस. मोहल्ल्यातले लोक म्हणाले, बाई कुठं पिंजारीपणा करते का. तू म्हणालीस, "भूख को मालूम नहीं के बाई कौन और आदमी कौन." आणि गंमत अशी झाली की जिथं अब्बांना अंगणात बसून काम करावं लागायचं, तिथं तुला बायका थेट आत, माजघरात नेऊ लागल्या.

सुट्टीच्या दिवशी मी तुझ्याबरोबर यायचे. मोर्णा नदीच्या पलीकडच्या त्या गल्ल्या तुला दारावरच्या पाट्यांनी कळत नव्हत्या, तुला पाट्या वाचताच येत नव्हत्या. तुला घरं गाद्यांवरून माहीत. चालता चालता तू मला सांगायचीस, इथल्या म्हाताऱ्याला दमा आहे, त्याची गादी डोक्याकडे जाड भरायची. इथे तीन सुना आणि दोनच गाद्या, म्हणजे एक सून नेहमी माहेरी. या घरात कोणीतरी कोपऱ्यात बसून रडतं, उशीची रुई बघ कशी एकाच बाजूला गोळा झालीय. मी हसायचे. मला ते तेव्हा भविष्य सांगितल्यासारखं वाटायचं. आज मुलांना शहर कसं बघायचं ते शिकवायला बसले तेव्हा कळलं की इतकं बारीक बघणारं दुसरं माणूस मला पुढे भेटलंच नाही. तुझ्याबरोबर त्या गल्ल्यांतून अजून एकदा, फक्त एकदा चालायला मिळालं तर मी काय वाट्टेल ते द्यायला तयार आहे.

जुनी गादी उसवली की आतून काय काय निघायचं. टाचण्या, कडुनिंबाची वाळकी पानं, एकदा बाळाचा चांदीचा वाळा, एकदा चौपट घडी घातलेलं पत्र. निघेल ते तू पितळेच्या वाटीत ठेवायचीस आणि घरातली बाई एकटी असेल तेव्हाच तिच्या हातात द्यायचीस. ते काय आहे हे तिलाही बोलून दाखवायचं नाही. आणि घरी आल्यावर माझ्याशीसुद्धा त्याबद्दल एक शब्द नाही. मी समोर बसून बघितलेलं असलं तरी नाही.

मी नववीत होते ते वर्ष तुला आठवत असेल. वर्षं सगळीच वाईट चालली होती, पेपरात रोज वऱ्हाडाचं नाव यायचं आणि ते वाचताना मोठी माणसं आवाज खाली आणायची. नदीकाठच्या निळ्या दाराच्या घरातून तुला बोलावणं आलं. त्यांची शेती बार्शीटाकळीकडे, चांगली काळीभोर जमीन, आणि थोरल्या मुलीचं लग्न ठरलेलं, धामणगावकडे. आपल्याकडे लेकीच्या आंदणात गादी-रजई घरच्या शेतातल्या कापसाची द्यायची पद्धत. पहिल्या वेचणीचा पांढराशुभ्र कापूस त्यासाठी बाजूला काढून ठेवायचे. त्या वर्षी अळीनं बोंडं आतून खाल्लेली, आणि जो काय थोडा कापूस आला तो घरी न येता तसाच बाजारात गेला. त्या घरच्या मोठ्या बाईंनी माजघराचं दार लोटून घेतलं आणि स्वतःच्या, सासूच्या, दिराच्या अशा पाच गाद्या तुझ्यासमोर टाकल्या.

"यातूनच काढ," त्या म्हणाल्या. "नव्यासारखी दिसली पायजे. अन् कोणाले..."

"मले सांगा लागते का बाई," तू म्हणालीस.

तीन दिवस तू ती रुई पिंजलीस. एकदा नाही, तीन-तीनदा. कमानीच्या तांतीचा तो टणत्कार अजून माझ्या कानात आहे. जुनी, दडपलेली, पिवळसर रुई उठून अशी फुलली की मोठ्या बाई हातात घेऊन गालाला लावून बघत होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते. मी खोळीचं तोंड धरून बसले होते आणि सगळं बघत होते.

जानेवारीत आमच्या शाळेतही असाच एक शहराचा महिना झाला. वर्गाच्या बाईंनी विषय दिला, "माझ्या घरचा धंदा आणि माझं गाव." बाई फार चांगल्या होत्या. इतिहास डोळ्यांनी पाहिलेला लिहा म्हणाल्या, आणि ठिकाण नीट लिहा, ठिकाणाशिवाय इतिहास म्हणजे नुसती गोष्ट. मी हुशार मुलगी. मी ठिकाण नीट लिहिलं. नाव लिहिलं नाही, आपण नाव घेत नाही हे मला कळत होतं, पण नदीकाठ लिहिला, निळं दार लिहिलं, बार्शीटाकळीची काळी जमीन लिहिली, आणि शेवटी लिहिलं की ज्यांच्या शेतात कापूस पिकतो त्यांच्याच लेकीच्या गादीत यंदा जुनी रुई आहे. बाईंनी तो निबंध पालकांसमोर मोठ्यानं वाचून दाखवला. टाळ्या पडल्या. तू त्या दिवशी कामावर होतीस, आणि मला उलट वाईट वाटलं की टाळ्या ऐकायला तू नाहीस.

गोष्ट धामणगावपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागतो. लग्नात आंदण मांडवात मांडलं तेव्हा नवऱ्याकडच्या एका बाईनं केसातला आकडा काढून गादीची शिवण उसवली आणि चिमूटभर रुई सगळ्यांसमोर उन्हात धरली. कितीही पिंजली तरी ती पिवळसर होतीच. लग्न काही मोडलं नाही. मुलगी सासरी गेली, गादीही गेली, उसवलेली.

चार दिवसांनी मोठ्या बाई आपल्या घरी आल्या. आपल्या मोहल्ल्यात त्यांनी याआधी कधी पाऊल टाकलं नव्हतं. उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या, तू पाट दिलास तरी बसल्या नाहीत. मी दाराआड, तोंडात ओढणीचा बोळा.

"कोनं सांगतलं?" एवढंच त्यांनी विचारलं.

"माह्याच तोंडातून गेलं, बाई," तू म्हणालीस. "घरी बोलली मी. पोट्टीनं आयकलं अन् लिहून टाकलं. लेकराले काय समजते. चूक माही हाय."

"तुह्यावर भरोसा ठेवला होता वं."

"हो बाई."

त्या गेल्या. अम्मी, तू कधीच बोलली नव्हतीस. मी तिथे बसून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, हे त्यांनाही माहीत असणार, पण तू असं सरळ म्हटल्यावर त्यांना पुढे काही विचारता आलं नाही. मी पुढे येऊन म्हणायला हवं होतं, ती नाही, मी. मी दाराआडच राहिले. त्या संध्याकाळी तू मला मारशील असं वाटत होतं, तेही तू केलं नाहीस. घरात तू माझ्याशी आपली बोली बोलायचीस, वऱ्हाडी फक्त गिऱ्हाइकांसाठी. पण त्या दिवशी माझ्याशी वऱ्हाडीत बोललीस, जशी मी दुसऱ्या कोणाची मुलगी आहे. "लिहिनं त शिकली तू," तू म्हणालीस. "काय नाई लिहाचं, ते कोन शिकवन तुले?"

त्यानंतर जुन्या शहरातली बोलावणी कमी होत गेली. कोणी तोंडावर काही म्हटलं नाही. एकीला फोम घ्यायचा असायचा, दुसरीच्या घरी पाहुणे असायचे. पावसाळ्याआधी तू कमान माळ्यावर टाकलीस आणि मशीनवाल्याच्या दुकानात खोळी शिवायला बसलीस, दिवसभर पाय मारत. मी डी.एड. केलं ते त्याच खोळींवर. मी माफी मागितली नाही. आज मागू, उद्या मागू, नोकरी लागली की मागू. नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन आले आणि तू इतकी खूश होतीस की तो विषय काढायला नको वाटलं. मग तू आजारी पडलीस. मग राहिलंच.

सोमवारी मीटिंगमध्ये मी परकोट म्हणणार होते. कागदावर तसं लिहूनही नेलं होतं. आणि तोंडातून निघालं, "गाद्या." सगळे हसले. चित्रकलेच्या मॅडम म्हणाल्या, शनिवारी लोळायचं का मग. पण मी बोलत गेले. कापसाच्या प्रदेशात लोक कशावर झोपले, तो कापूस कोणत्या शेतातून यायचा, भरायला कोण यायचं, कोणाला अंगणात बसवायचे आणि कोणाला आत, लेकीला गादी द्यायची म्हणजे काय द्यायचं, आणि ते सगळं कधी थांबलं. मुलांनी आधी घरच्या आजी-आजोबांना एवढाच प्रश्न विचारायचा, आपल्या गाद्या कोण भरायचं. घरातली गुपितं विचारायची नाहीत, दार कोणत्या रंगाचं ते लिहायचं नाही, हेही मी ठासून सांगितलं. हसणं थांबलं होतं. मोठ्या मॅडमनी तिथल्या तिथं मान्य केलं आणि म्हणाल्या, पहिल्या शनिवारी मुलांना पिंजारीकाम माहीत असलेलं कोणीतरी भेटलं पाहिजे. अम्मी, त्या क्षणी मला वाटलं की आता तुझं नाव सांगायचं. घराघरांत शिरल्याशिवाय शहर कळतच नाही, आणि ते मला माझ्या आईनं दाखवलं, असं वाक्यही तयार होतं.

हे पत्र पाठवायचं असतं तर मी इथेच थांबले असते. इतिहासाचे सर अगदी मनापासून म्हणाले, "मॅडम, कमाल विषय काढला तुम्ही. बरं, सुरुवात तुमच्यापासूनच करू. तुमच्याकडच्या गाद्या कोण भरायचं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. तुझाच नियम आहे, घरातलं बाहेर सांगायचं नाही, असं मी नंतर रिक्षात स्वतःला समजावून पाहिलं. पण ते खरं नाही. मला लाज वाटली, तेव्हा दाराआड वाटली होती तेवढीच.

"एक बाई यायची," मी म्हटलं.

यायचीसच की तू. रोज दिवेलागणीला, केसांत रुई घेऊन. आणि मी दार उघडायचे.