नारायणरावाच्या खुनातली दासी

पोखर्णी,
११ फेब्रुवारी २०२५

चि. राधाकिशनला कडूताईचा आशीर्वाद. डॉक्टर, प्राध्यापक हे सगळं पाकिटावर घातलंय. आत तू नुसता राधाकिशन.

माझा गुडघा बरा हाय. तूर निघाली. माझ्या भागवतनं तुझं पुस्तक आणून दिलं, ते चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचलं.

प्रस्तावनेत लिवलंस, सहाव्या वर्षी शाळेच्या पेटीतली पुस्तकं वाचून नारायणराव पेशव्याच्या खुनाचं वेड लागलं. वा रं शहाण्या. सहाव्या वर्षी तुला ग म भ न येत नव्हतं. आई-दादा ऊस तोडायला गेले की मी वाचून दाखवल्याशिवाय तू घास घेत नव्हतास. वाचायचे मी, भाकर गिळायचास तू. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

असू दे. मला त्याचं काही न्हाई. सातवीत शाळा सुटली त्याचंबी न्हाई. तुला सांभाळायला कुणीतरी पायजे होतं.

पण पान एकशे त्रेचाळीस. गारदी मागं लागले तवा जोंधळ्याची कणगी उघडून "हितं लपा, सरकार" म्हणणारी दासी. खाली टीप, 'बालपणी वाचलेल्या दुर्मिळ ग्रंथातून.' अरे, त्या पुस्तकाची शेवटची पानं फाटलेली होती. नारायणराव पळायला लागला अन् पुस्तक संपलं. तू भाकर टाकून रडायला लागलास, म्हणून ती दासी मी मनानं रचली. पेशव्याच्या महालात जोंधळ्याची कणगी आली कुठून, एवढंबी सुचलं न्हाई तुला? ती आपल्या घरातली होती. म्हणे संशोधक.

लय हसले मी. मग दासीचं नाव वाचलं अन् हसू गेलं.

नर्मदा. नाव मीच दिलतं. आई सहा-सहा महिने दिसायची न्हाई, म्हणून तिला तिथं नेऊन उभी केली. तू ते नाव टीप देऊन छापलंस, अन् आपली आई ओळखली न्हाईस. लाज वाटायलीय मला तुझी.

रविवारी परभणीला तुझा सत्कार. मी येणार, पहिल्या रांगेत बसणार. दासी कुणी रचली अन् ती कोण, ते माइकवर तूच सांग. न्हाई सांगितलंस तर मी उठते. मला माइक लागत न्हाई.

तुझ्या नर्मदेला जन्म दिलेली, अन् तिच्याच पोटची,
कडूताई