विहीर तुझी, भूत माझं

नांदेड, एप्रिल २०१६

प्रिय शिवकांता,

होस्टेलच्या मागच्या नळापाशी आपण दोघी बादल्या घेऊन रांगेत उभ्या होतो, तुझ्या वेणीची रिबीन सुटली होती आणि ती मी पुन्हा बांधत होते, हे परवा अचानक आठवलं. वेळ जावा म्हणून मी तुला एका बाईची गोष्ट रचून सांगितली. पाण्याच्या रांगेतच तिचा जीव गेला, आणि अजूनही ती ओल्या केसांनी मागून येऊन विचारते, "माझा नंबर आला का?" तू बादली टाकून पळालीस. तुझी बादली मी भरून आणली, आणि मुलींना भुतं सांगते म्हणून सिस्टरनी मला चॅपलमध्ये गुडघ्यांवर बसवलं. तेच गुडघे आता जिना चढू देत नाहीत. तुझे कसे आहेत? बीपीची गोळी वेळेवर घेतेस ना? (तुझ्या विहिरीला पाणी आहे का, हे विचारत नाही. ते आता सगळ्या नांदेडला माहीत आहे.)

तर माझ्या भाच्याच्या, गुंडप्पाच्या, भुताखेतांच्या लघुपटांचा खेळ रविवारी इथं झाला. (पुण्याची नोकरी सोडून तो पदरमोड करून भुतं काढतो. त्याचे वडील त्याच्याशी बोलत नाहीत, म्हणून जेवणाचा डबा माझ्याकडून जातो.) पाहुण्यांनी भुतांचं नावही न घेता, लातूर फोडून नवा जिल्हा उदगीरचा व्हावा की अहमदपूरचा, यावर इतकं लांब भाषण केलं, की नंतर पहिली तीन भुतं आली तेव्हा लोकांना सुटल्यासारखंच वाटलं. मग शेवटचा लघुपट लागला. गोष्ट माझी, अंगावरची पांढरी ऑर्गंडीची साडी माझी, आणि आत तू.

तुझा पत्ता मी त्याला विहिरीसाठी दिला होता गं, तुझ्यासाठी नव्हे. "आत्या, भुताचं काम वयस्कर बाईलाच द्यायचंय," असं तो म्हणाला, आणि मी वेडी, आठवडाभर केसांना तेल न लावता बसले. तू दिसलीस छान, हे कबूल. पण खांद्यावर पदराला पिन लावलेलं भूत मी पहिल्यांदाच पाहिलं.

आणि घाबरलं कोण म्हणतेस? कॅमेरा विहिरीत वाकला, पायऱ्यांपर्यंत पाणी दिसलं, आणि सगळ्या हॉलचा श्वास अडकला. मागं तू केस सोडून उभी होतीस, पण तुझ्याकडं कुणी बघेना. तू विचारलंस, "माझा नंबर आला का?" तर आमची नागाबाई (माझ्याकडं कामाला येते, मूळची मुखेडची, हल्ली टँकरच्या रांगेतच तिचा दिवस जातो) मोठ्यांदा म्हणाली, "मागं व्हा बाई, आमी सकाळधरनं उभ्या हाव." पलीकडून दुसरी म्हणाली, "हंडा कुठाय तिचा? बिनहंड्याची कशाला आली?"

शेवटी प्रश्नोत्तरं होती. गुंडप्पा अंधाराचा अर्थ सांगायच्या तयारीनं बसला होता. पहिलाच प्रश्न आला, "भूत ऱ्हाऊ द्या, हिर कुठल्या गावाला हाय?" त्यानं सांगितलं, अहमदपूरला, शिवकांताबाईंची. टाळ्या. तुझ्या विहिरीला टाळ्या, शिवकांता. गोष्ट कुणाची हे सांगायला मी उठले, तर घसाच कोरडा पडला. कुणीतरी अर्धा पेला पाणी हातात दिलं, आणि मी ते पिईपर्यंत अख्खा हॉल माझ्याकडं असा बघत होता, की पिऊन मी गुपचूप खाली बसले.

मला हेवा वाटतो असं समजू नकोस. हेवा नागाबाईला वाटतो, तोही पाण्याचा. पण एवढं लक्षात ठेव. विहीर लातुरात राहो की नव्या जिल्ह्यात जावो, ती तुझी. भूत मात्र नांदेडच्या नळावरचं आहे, आणि ते माझं आहे.

घरात सगळ्यांची आठवण काढते म्हणून सांग.

तुझी,
महादेवी

ता.क. रागावू नकोस. पडद्यावर तू पाठमोरी झालीस तेव्हा मला भीती वाटली नाही, रिबीन आठवली.

ता.क. दुसरा. पुढच्या भागात भुताला एक बहीण दाखवायची, असं गुंडप्पाच्या मनात आहे. तुझा शब्द तो मोडत नाही. मी लिहिलं असं मात्र बोलू नकोस.

ता.क. तिसरा. नागाबाई तिच्या बहिणीकडं अहमदपूरला येते आहे, तिच्याजवळ पिशवी दिली आहे. लिंबाचं लोणचं तुला, मीठ बेतानं घातलं आहे. शेंगदाण्याची चटणी तुझ्या सुनेला, दानम्माला. नागाबाईचा कॅन काठोकाठ भरून दे, आणि तिला ताटकळत ठेवू नकोस. माझी ऑर्गंडी मात्र परत पाठवू नकोस. पिन काढून, इस्त्री करून ठेव, आणि गुंडप्पा शूटिंगची जागा बघायला आला की त्याच्याच हातात दे. म्हणावं, आत्या विचारत होती, माझा नंबर आला का.