चेहरा तेवढा राहिला

गुरु. १७ नोव्हें. १९७७

सुट्टी. सकाळी शर्टाचं वरचं बटण लागेना. पाच मिनिटं झटापट. शेवटी इंदूने येऊन लावलं आणि तोंडातून शब्द काढला नाही. बायको बोलली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

मूर्तीचं खोड आज पुरं. मशिनींच्या खोक्यांच्या फळ्या, सरसाने एकावर एक अकरा थर. कंपनीत पंपाचे पॅटर्न असेच करतो. फाउंड्रीवाले त्यावरून मातीत साचा उठवून लोखंड ओततात आणि आमचं लाकूड माळ्यावर धूळ खात पडतं. सतरा वर्षांत माझ्या हातचं काही कोणी जसंच्या तसं ठेवून घेतलं नाही. हे ठेवतील. वसाहतीच्या विहारात, दगडी कोनाड्यात, ध्यानाला बसलेला बुद्ध. कांबळे गुरुजींना वैशाख पौर्णिमेचा शब्द दिलाय. म्हणजे सहा महिने. हात किती महिने ते मात्र कोणी सांगत नाही.

रवि. २७ नोव्हें.

याकूब आला होता. पॅटर्न शॉपमध्ये माझ्या शेजारचा बाक त्याचा, तेरा वर्षं. खोडावरून हात फिरवून म्हणाला, "जोड नंबर एक हाय, राव. पण मला हात लावायला सांगू नको बाबा. आमच्यात मूर्ती चालत न्हाई, तुला म्हाईत हाय."

मी कुठे सांगितलं होतं? चहा प्याला, आणि जाताना माझ्या सगळ्या पटाशा धार लावायला घेऊन गेला. धार चालते वाटतं.

(इथून पुढे या. म्हणजे याकूब, गु. म्हणजे गुरुजी. लिहिताना बोटं दुखतात. लोकांनी नावं आखूड ठेवायला हवी होती.)

शुक्र. ९ डिसें.

विमा दवाखाना. दोन तास रांग. डॉक्टर भला माणूस. बोटांची पेरं एकेक करून दाबली. संधिवात म्हणाला, पण म्हातारपणीचा नव्हे, हा दुसरा, ऐन उमेदीत धरणारा.

"जाईल ना?"

"आटोक्यात ठेवू."

"काम काय करता?" असं नंतर विचारलं. लाकडाचं कोरीव काम म्हणालो. तो खिडकीबाहेर बघायला लागला. मला तेव्हाच सगळं समजलं.

गुरु. १२ जाने. १९७८

आज चांगला दिवस. असे दिवस आता मोजके.

मूर्तीच्या हातांना भिडण्याआधी एक नमुना केला. उजवा पंजा, मनगटापासून पुढे. बोटं सैल, किंचित आत वळलेली, कशालाच न धरणारी. सकाळी आठला बसलो, उठलो तेव्हा तीन वाजले होते. भूक नाही, दुखणं नाही. हातांनी स्वतःहून केलं, मी नुसता बघत होतो. आयुष्यात केलेलं सगळ्यात चांगलं काम, हे इथे लिहून ठेवतो. बाहेर कुठे बोलणार नाही.

इंदूने खूप वेळ हातात धरला. म्हणाली, "ह्यो तुमचाच हात हाय. दुखण्याआधीचा."

संध्याकाळी विहारात वंदना. हात जोडले तर तळवे टेकत नाहीत, मध्ये पोकळी राहते. गु. समोरून बघत होते. नंतर म्हणाले, "सगळं अनित्य आहे, शिवराम." म्हटलं, होय गुरुजी. दुःख आहे एवढं मला शिकवायची गरज नाही, त्यापुढचं काही असलं तर सांगा. हे मनात. तोंडाने फक्त होय.

मंगळ. १४ फेब्रु.

पॅटर्न शॉपमधून काढून स्टोअरला टाकलं. लाइट ड्यूटी. खिडकीतून नट-बोल्ट द्यायचे. मॅनेजर म्हणाला, तुमच्या भल्यासाठी. या. ने माझा बाक पुसून ठेवलाय, वर काही ठेवू देत नाही कोणाला. वेडा आहे.

मूर्तीचं शरीर झालं. मांडी, खांदे, चीवराच्या चुण्या. चेहरा शेवटी. घाई नाही, कारण चेहरा मला पक्का दिसतो. तो आप्पांचा, माझ्या वडिलांचा आहे. छप्पन साली दीक्षा घेऊन आले आणि देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून पवनेत सोडले. मी काठावर उभा होतो, वीस वर्षांचा. पाण्यातून बाहेर येताना त्यांचा चेहरा होता तो. घाबरलेला होता, आणि तरी शांत. त्याच दिवशी मीही बोललो होतो, यापुढे कुठल्या देवादेवीपुढे डोकं टेकवणार नाही. आप्पा गेले, पण तो चेहरा माझ्याकडे आहे.

शनि. ११ मार्च

पेन धरवत नाही. पेन्सिल.

नमुन्याचा पंजा सापडत नाही. फळीवर होता. घर उलटंपालटं केलं. इंदू म्हणते उंदरांनी नेला असेल. एवढा मोठा पंजा उंदीर नेतील? मग तिच्यावर ओरडलो. मग या. वर संशय घेतला. त्याला मूर्ती नको, हात घेऊन काय करेल? दुखणं माणसाला हलकट करतं.

मूर्तीचे हात आठवणीने केले. वाईट नाहीत. पण तो तो होता.

गुरु. २० एप्रिल

आजचं लिहायचं नव्हतं. लिहितो.

चौघांनी मूर्ती विहारात नेली, बसते का बघायला. कोनाड्याची चौकट मोशीच्या गवंड्याने घडवलेली, दोन फूट रुंद, दगड अगदी चोख. मी मांडीची रुंदी एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी धरली होती. मूर्ती आत जाईना. एक गुडघा गेला की दुसरा अडतो. गवंड्याला शिव्या द्यायला तोंड उघडलं.

गु. नी शाळेतली फूटपट्टी आणून माझ्या पट्टीशेजारी ठेवली. माझी पट्टी एक सूत लांब.

कळायला क्षणही लागला नाही. ओतलेलं लोखंड थंड होताना फुटाला एक सूत आकसतं. म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टी मुळातच फुटाला एक सूत मोठी असते. सतरा वर्षं तीच खिशात, घरात दुसरी पट्टी नाही. जे कधीच ओतायचं नव्हतं तेही मी तिनेच मापलं. दोन फुटांना दोन सूत वाढली, म्हणजे कोनाड्यापेक्षा एक सूत जास्त. पहिल्या वर्षाचा अप्रेंटिस करणार नाही.

सगळे हातांना दोष देत बसलो होतो. हात बिचारे सरळ चालले होते, डोकंच चुकलं. आता गुडघे तासायला हवेत आणि रंधा धरायला बोटं नाहीत.

गु. म्हणाले, "होईल काहीतरी." मी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून रडलो.

रवि. ७ मे

या. ला कोणी सांगितलं माहीत नाही. रंधा घेऊन दारात उभा.

"तुमच्यात चालत नाही ना?" मी कुचकटपणे विचारलं.

"मूर्ती न्हाई चालत. लाकूड चालतं. तू वरून चादर टाक."

इंदूने चादर टाकली. दोन गुडघे तेवढे बाहेर. या. दोन तास रंधा मारत होता, खाली मान घालून. दोन्हीकडे सारखं. काचकागद मारला. चादर एकदाही हलू दिली नाही. निघताना मी म्हटलं, एवढं केलंस तर चेहराही... तिथेच थांबलो. तो रंधा फडक्यात गुंडाळायला लागला.

"शिवराम, दुसरं काय बी सांग. ते नको सांगू."

विचारायला नको होतं. त्याने मला एकदाही असं अडचणीत टाकलेलं नाही.

मंगळ. २३ मे

काल पौर्णिमा झाली.

पंधरा दिवस पटाशी पंजाला पट्टीने बांधून बघितली. डाव्या हातानेही बघितली. कपाळावर एक ओरखडा गेला तेव्हा थांबलो. चेहऱ्याच्या जागी अजून नुसता गोल ठोकळा. गु. नी वाट बघितली, मग शुक्रवारी पुण्याहून तयार प्लास्टरचा बुद्ध आणला. पांढरा, ओठ लाल. काल कोनाड्यात बसला. आजूबाजूला चार बोटं जागा शिल्लक.

लोकांनी साधू साधू म्हटलं, खीर वाटली. मीही खाल्ली. वाटी दोन्ही तळव्यांत धरून, लहान पोर खातं तशी. माझी मूर्ती घरी, चादरीखाली.

आतून सगळं विझल्यासारखं झालंय. बुद्धावर राग नाही. राग धरायलाही समोर कोणी असावं लागतं, आणि आमच्यात ती सोय नाही.

गुरु. १५ जून

दवाखान्यात नवी गोळी दिली. बारीक, पांढरी. डॉक्टर म्हणाला, "बरं वाटेल. बरे होणार नाही, हे लक्षात ठेवा. सहा आठवडे, मग कमी करत बंद. जास्त दिली तर हाडं खाते."

सोम. १९ जून

आज सकाळी बटण लागलं.

वरचंही. मीच लावलं. दोनदा काढून पुन्हा लावलं. इंदू भाकरी थापत होती, तिने बघितलं आणि पिठाच्या हातांनी तोंड झाकून घेतलं.

म्हणाली, "पावली."

"कोण?"

मग सगळं बाहेर आलं. मार्चमध्ये माहेरी गेली होती, चाकणच्या पलीकडे. तिथल्या देवीला हात नाहीतर पाय वाहायची चाल आहे. ज्याचं जे दुखतं ते. लोक चांदीचा वाहतात, पत्र्याचा वाहतात. हिने माझा नमुन्याचा पंजा नेऊन वाहिला.

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. आप्पांनी पवनेत सोडलं ते तू पाठीमागून उचलून आणलंस, असंही बोललो. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "माझ्या एकटीचा नवस असता तर मी कवाच फेडला असता. हात मोकळे झाले की तुमी सोता येऊन डोस्कं टेकवाल, आसं बोलले हाय मी."

म्हटलं, हात गोळीने उघडले.

"आन् गोळी द्यायची बुद्धी डाक्टरला कुणी दिली?"

याला उत्तर आहे, पण ते ऐकणारी ती नव्हे.

बुध. २८ जून

इंदू जेवत नाही. एक वेळ चहा. भांडत नाही, रुसत नाही. तिला खरंच भीती वाटते. नवस राहिला तर हात पुन्हा मिटतील, आणि ते तिच्यामुळे, असं धरून बसलीय. मला माहीत आहे, हात पुन्हा मिटणारच आहेत. गोळी संपली की. मग जन्मभर ती म्हणणार, तुमी आला न्हाई म्हणून. आणि गेलो आणि तरी मिटले तर? तिचं काय राहील?

आप्पा असते तर काय म्हणाले असते ते ठाऊक आहे. पण आप्पांना उपाशी इंदूसमोर बसून जेवायचं नव्हतं.

गुरु. ६ जुलै

हात आहेत तोवर चेहरा करून घ्यायचा ठरवलं. चादर काढली. पटाशी हातात नीट बसली, पूर्वीसारखी. या. ने लावलेली धार तशीच होती.

पेन्सिलने पापणीची रेघ काढली. पुसली. पुन्हा काढली. दुसऱ्यांदा निघाला तो प्लास्टरचा. दीड महिना रोज संध्याकाळी बघून बघून तोच आत जाऊन बसलाय. आप्पांना आठवायला डोळे मिटले. नदी दिसली, फडकं दिसलं, ओलं धोतर दिसलं. वर चेहरा नाही. पाच वाजेपर्यंत बसलो. एक ढलपी निघाली नाही.

हात नव्हते तेव्हा दिसत होता. आता हात आहेत.

शनि. ८ जुलै

जेमतेम तीन आठवडे उरलेत गोळीचे. ठोकळा तसाच.

एक विचार पाठ सोडत नाही. तो पंजा पुन्हा बघायला मिळाला, हातात घेता आला, तर त्यावरून पुढचं आठवेल. त्या दिवशी केलं तेव्हा चेहरा माझ्यात होता, तो त्या बोटांत कुठेतरी असेल. हे खरं की स्वतःला फसवतोय, ते मला सांगता येत नाही. बायकोसाठी जातोय म्हणायला बरं, मूर्तीसाठी म्हणायला आणखी बरं.

इंदूला सहज विचारल्यासारखं विचारलं, ठेवलाय कुठे?

तिने दोन दिवसांत पहिल्यांदा नीट माझ्याकडे बघितलं. "देवळी येवढीशी हाय. आत, अगदी खाली, पायापाशी. गुडघं टेकून वाकल्याबिगर दिसायचा न्हाई."

तिने पिशवी भरून दाराशी ठेवलीय. चाकणची एसटी उद्या साडेनवाला. मी अजून हो म्हटलेलं नाही. शर्ट इस्त्री करून खुर्चीवर टाकलाय, तिने की मी, आठवत नाही.